पातं काय म्हणतंय

वस्तादांशी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि परत द्यायला विसरले. मी नाव सांगितलं, नगरजवळ नागापूरच्या एका कंपनीत माल तपासायचं काम करतो हे सांगितलं, मान आखडते म्हणून काहीतरी व्यायाम करावा म्हणतोय हेही सांगून झालं, तरी माझा पंजा त्यांच्या पंजातच. ते माझ्या तोंडाकडे बघतही नव्हते. मान वाकडी करून भिंतीकडे बघत होते, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसे. मग एकदम हात सोडून म्हणाले, "फॅक्टरीवाले, तुमी लई मऊ हात देता. मऊ हात देनाऱ्या मानसाची मला धास्ती वाटती. या उद्यापासून."

धास्ती वाटते तर बोलावता कशाला, असं मी विचारलं नाही. पुढे कळलं की ज्याची धास्ती वाटत नाही अशा एकाही माणसाला त्यांनी शिकवलेलं नव्हतं, कारण तसा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

मनमाड रस्त्यापासून जरा आत एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये वस्तादांची तालीम. शेड त्यांची, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या करगोट्याला. तरीही रोज सकाळी कुलूप काढलं की ते दाराला दोन बोटं लावायचे, हलकेच ढकलायचे, थांबायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. "आत कोण असणार वस्ताद?" मी एकदा विचारलं. "त्येच बघतोय," ते म्हणाले.

खरं तर मी तिथे गेलो तो तलवार फिरवायला. मोबाईलवर बघितलं होतं ना, वरातीत पोरं दोन्ही हातांनी तलवारी अशा गरगर फिरवतात की बघणाऱ्याचं डोकं फिरावं. तसं काहीतरी आपल्यालाही यावं, निदान मेहुण्यांसमोर. वस्तादांनी माझ्या हातात बोथट पात्याची एक जड तलवार दिली, स्वतः दुसरी घेतली, माझ्या पात्यावर त्यांचं पातं टेकवलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मीही उभा राहिलो. बराच वेळ झाला. फिरवाफिरवी कधी सुरू होणार, असं मी भीतभीत विचारलं.

"फिरवायचं असंल तर पंखा घ्या," वस्ताद डोळे न उघडता म्हणाले. "आता सांगा, पातं काय म्हनतंय?"

पातं काही म्हणत नव्हतं. माझा हात मात्र दुखायला लागला होता, आणि या माणसाला तलवारीतलं काही येत नसावं असा दाट संशय मनात येत होता. नगरच्या माणसाला कुणी फसवतंय असं वाटायला वेळ लागत नाही. संशय आमच्या पाण्यातच असावा, म्हणजे जेव्हा नळाला पाणी असतं तेव्हा.

पण त्या डोळे मिटून उभं राहण्यातच त्यांची सगळी विद्या होती. हळूहळू मला ती कळायला लागली. त्यांचं म्हणणं असं, की तलवार हवेत असेपर्यंत ती डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे, आणि डोळ्याला हूल देता येते. एकदा पात्याला पातं लागलं, की मग समोरच्याच्या मनात काय आहे ते लोखंडातून आपल्या मनगटात येतं. तिथे हूल चालत नाही. मुठीजवळच्या पात्यात ताकद, शेंड्याकडच्या पात्यात चपळाई. मुठीकडचा भाग मालक, शेंड्याकडचा चाकर. आपल्या मालकाने समोरच्याचा चाकर धरायचा, मग तो कितीही पहिलवान असो, त्याचा शेंडा आपण म्हणू तिकडे वळतो. समोरचा जोराने दाबतोय? त्याला दाबू द्या, आपण वळसा घालून आत जा. समोरचा मऊ पडला? मग मात्र सावध.

"दाबनारा मानूस सरळ असतो," ते सांगायचे. "त्येला काय पायजे त्ये त्यानं सांगून टाकलं. मऊ पडनारा काय बी सांगत न्हाई. त्यो निघालाय हितनं. कुटं निघालाय त्ये तुमच्या मुंडक्याला कळंल. मऊ पातं म्हंजी दगा. पाठ करा."

आम्ही पाठ केलं. आणखी एक गोष्ट ते सांगायचे, तिच्याकडे तेव्हा माझं फारसं लक्ष नव्हतं. आपल्या पात्याची खबर आपल्याला कधी मिळत नाही, ती समोरच्याला मिळते, असं ते म्हणत. "म्हनून ही इद्या एकट्यानं आरशासमोर हुत न्हाई. समोर मानूस लागतो. त्यो मानूस खरं सांगतोय का खोटं, हितंच सगळी भानगड हाय."

आता ही विद्या तालमीत ठेवून घरी जायची असते. वस्ताद ती अंगावर घालूनच हिंडायचे. भाजीवालीने त्यांनी सांगितलेला भाव एका बोलात मान्य केला, तर पिशवीतली वांगी ते तिथेच तिच्या टोपलीत परत ठेवायचे. हॉटेलात भिंतीला पाठ लागेल अशीच खुर्ची. ती मोकळी नसेल तर उभ्याने चहा. एसटीत शेवटची सीट, हाडं खिळखिळी झाली तरी. फोन त्यांना बिलकूल मान्य नव्हता. "त्यात नुसता आवाज येतो. दाब कुटं येतो?" असं म्हणून तो मुलीकडे द्यायचे.

त्यांच्या बांधाची गोष्ट तर अख्ख्या गावाला माहीत आहे. शेजाऱ्याने बांध त्यांच्या रानात सरकवला म्हणून वस्ताद तावातावाने त्याच्या दारात गेले. तो भला माणूस म्हणाला, "चुकलंच आमचं, उद्या मागं घेतो." वस्ताद दारातच घुटमळले. चुकलं म्हणतो? एवढ्या लवकर? रात्रभर तळमळून सकाळी ते परत गेले आणि बांध आहे तिथेच राहू दे, त्याला हात लावायचा नाही, असं बजावून आले. शेजारी आजही जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतो की माझं नक्की काय चुकलं. ते रान आजही त्याच्याकडेच आहे.

या संशयाची लागण आम्हाला झाली नसती तरच नवल. पहाटे उठून लांबडी पिशवी घेऊन निघालो की सोसायटीचा वॉचमन मला रोज नव्याने ओळख विचारायचा. बायकोने माझा शर्ट हुंगून पाहिला. लोखंडाचा आणि तेलाचा वास आल्यावर तिची खात्री पटली, पण पुरती नाही. मी तरी काय कमी होतो? ऑफिसात साहेब गोड बोलला की मी मनातल्या मनात एक पाऊल मागे घ्यायचो. बदली होऊन आता चाकणला आलोय तरी ती सवय गेलेली नाही.

वस्तादांचा जगात एका माणसावर विश्वास होता. त्यांच्या मुलीवर. आम्ही तिला ताई म्हणायचो, वयाने आमच्यापेक्षा लहान असली तरी. आई लवकर गेलेली, बापाने पोळपाट-लाटण्याबरोबर तलवारही हातात दिलेली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, तरी पहाटे शेडमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. वस्ताद आम्हाला शिव्या घालून पुढे गेले की ताई मागून येऊन मनगट जरासं वळवून द्यायच्या आणि तेवढ्याने काम व्हायचं. बापलेकीचा सामना सुरू झाला की आम्ही आपापल्या तलवारी खाली ठेवायचो. पाती एकदा भिडली की सुटायचीच नाहीत. दाब इकडून तिकडे, तिकडून इकडे, आवाजसुद्धा फारसा नाही. वस्ताद डोळे मिटून हसायचे. एरवी ते हसताना मी पाहिलेले नाहीत.

"हिचं पातं खोटं बोलत न्हाई," ते म्हणायचे. आणि त्या वर्षी त्यांनी जाहीर करून टाकलं, की औंदा जत्रेत पोरीने माझ्या खांद्याला पातं लावलं तर शेडची किल्ली तिची. मी गिरणीच्या ओट्यावर बसून तंबाखू खाईन.

हे जाहीर केल्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. एके दिवशी येऊन म्हणाले, तलवारीची मूठ कुणीतरी बारीक केली. लोखंडी मूठ, ती बारीक कशी होणार? पण त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही बाजारात चाचांकडे गेलो. चाचांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान. तलवारींची डागडुजी तेच करायचे, वस्तादांच्या वडिलांच्या काळापासून.

"मूठ तासलीय तुमी," वस्ताद म्हणाले.

"मी कशाला तासू? तलवार आपली, मूठ आपली, मला काय तिची भाजी करायचीय?" चाचा शांतपणे म्हणाले. त्यांनी मुठीवर सुती दोरी घट्ट गुंडाळून दिली. वस्तादांनी मूठ धरून बघितली. बरं वाटलं असावं. पण थोड्याच दिवसांत पुन्हा तक्रार. आता म्हणे दोरीला कुणीतरी तेल चोळलंय, हातातून सरकते. त्यांनी आम्हा सगळ्यांचे तळवे हुंगले. चाचांनी दोरीवर दोरी चढवली. मी आपला मनात म्हटलं, वय झालं की संशयही म्हातारा होतो.

जत्रा हिवरे बाजारच्या अलीकडच्या एका गावात होती. कुस्त्या संपल्या, दुपार कलली आणि त्याच मातीत बापलेक उतरले. अंगात गोधडीच्या कापडाच्या जाड बंड्या, हातात बोथट पाती. माणसं कुस्तीला जमली होती त्याहून जास्त. पाती भिडली. सुरुवातीला रोजचंच चाललं होतं, फक्त वस्ताद जरा जास्त रेटत होते. ताई तो रेटा झेलत हळूहळू त्यांच्या पात्यावर चढत गेल्या. त्यांच्या मुठीकडचं पातं वस्तादांच्या शेंड्यावर बसलं. आता नुसतं मनगट वळवलं की झालं. माझ्या शेजारच्याने तोंडात बोटं घातली, शिट्टी वाजवायला.

आणि ताईंचं पातं मऊ पडलं. लांबून दिसावं इतकं मऊ. त्या अर्धं पाऊल मागे सरल्या, पाती सुटली आणि वस्तादांची तलवार ताईंच्या खांद्यावर जाऊन थडकली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, कुणीतरी जिंकलं की झालं. वस्तादांचा चेहरा मात्र पार उतरला होता. तलवार खाली करून ते लेकीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"काय केलंस ह्ये?"

ताई बंडीवरची माती झटकत राहिल्या.

"साऱ्या जत्रंत मला खेळवलंस? हातातला डाव सोडलास? ह्यो दगा हाय पोरी. मी शिकिवलेल्या हातानं माझ्याशी दगा."

"आबा, घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? उद्यापासून शेडात पाय ठिवू नगंस."

घरी जायच्या आत आणखी एक बातमी फुटली. ताईंना कोपरगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती, आणि त्यांनी ती घरात सांगितली नव्हती. झालं. सगळ्यांच्या डोक्यात दुवे जुळले. किल्ली गळ्यात पडली असती तर कोपरगावला जाता आलं नसतं, म्हणून मुद्दाम हरली. मलाही तसंच वाटलं. वस्तादांना तर पुराव्याची गरजच नव्हती, लोखंडाने त्यांना आधीच सांगितलं होतं. ताई चार दिवसांत बॅग भरून कोपरगावला गेल्या.

त्यानंतरचे वस्ताद सोसायला कठीण होते. शेडमध्ये येणारे एकेक गळाले. ताई मधूनमधून मला फोन करायच्या. आबा जेवतात का, चहा किती पितात, एवढंच. त्यांना म्हटलं, स्वतः बोला. म्हणाल्या, "ते फोन घेत नाहीत, आणि घेतला तरी माझा आवाज मऊ आहे म्हणतील." हे फोन वस्तादांना कसे कळले कोण जाणे. "तिचा मानूस हाय का तुमी?" त्यांनी मला थेट विचारलं. मी नाही म्हणालो, तर म्हणाले, "लई लवकर न्हाई म्हनला."

मग एकदा मी एकटाच चाचांकडे गेलो. माझी तलवार दाखवायची होती. चाचांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "वस्तादांची तब्येत बरी हाय ना साहेब?"

"का?"

"आता दोरी इतकी चढलीय की मूठ उसाच्या कांड्याएवढी झाली. तरी त्यांना बारीकच लागती." चाचांनी स्वतःची मूठ उघडून मिटून दाखवली. "मूठ तीच हाय. मी काय बोलनार त्यांना? मलाच चोर म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी आणि वस्ताद, दोघंच होतो. नेहमीसारखं त्यांनी माझ्या पात्यावर पातं टेकवलं. मी डोळे मिटले. इतके दिवस मी त्यांचं पातं ऐकत होतो ते धड्यासाठी. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माणसासाठी ऐकलं. दाब येत होता, पण त्याच्या आत एक बारीक थरथर होती, थांबतच नव्हती. मध्येच दाब एकदम नाहीसा व्हायचा आणि ते घाईघाईने परत आणायचे. मी जरा जोर केला असता तर त्यांच्या हातातली तलवार जमिनीवर पडली असती. माझा हात आपोआप ढिला पडला.

"सांगा," वस्ताद म्हणाले. "पातं काय म्हनतंय?"

"घट्ट आहे वस्ताद. एकदम घट्ट."

त्यांनी डोळे उघडले. "खोटं."

मी तलवार खाली घेतली.

"तुमचं पातं आत्ता मऊ पडलं, फॅक्टरीवाले. कुटं निघालं हुतं त्ये? वार कराया?"

"नाही."

"मग?"

मी त्यांच्या मुठीकडे बघितलं, त्या गुंडाळून गुंडाळून जाड झालेल्या दोरीकडे. त्यांनी माझी नजर पकडली. मग स्वतःही तिकडे बघितलं. हात समोर धरला. कितीतरी वेळ ते त्या हाताकडे बघत होते. दुसऱ्या कुणाचा हात इथे कसा आला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"तिचं बी असंच पडलं हुतं," ते म्हणाले. "अगदी असंच."

त्याच दिवशी आम्ही कोपरगावची एसटी धरली. मला रजा टाकायला लावली. "तुमी चला. तुमी कंपनीतले, तुमच्यावर लोक इस्वास ठेवत्यात." शेवटच्या सीटवर बसलो, त्यांच्या मांडीवर लांबडी पिशवी. कंडक्टरने पिशवीकडे बोट करून विचारलं, यात काय? वस्ताद म्हणाले, "तुमच्या पिशवीत काय हाय, मी इचारलं का?" पुढचं सगळं मी निस्तरलं. राहुरी गेलं, पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला. वस्ताद उजवा हात डाव्याने धरून बसले होते.

शाळा नुकतीच सुटली होती. ताई मैदानावर फक्की मारलेल्या रेषांजवळ उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी. आम्हाला बघून त्या आधी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काही सांगितलंत यांना?" मी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं नसावं. बापाचीच मुलगी.

वस्तादांनी पिशवी सोडली. एक तलवार लेकीच्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि तिच्या पात्यावर पातं टेकवून डोळे मिटले.

"सांग. पातं काय म्हनतंय?"

ताईंचे डोळे भरून आले होते, पण हात हलला नाही.

"कापतंय आबा. मुठीतून सुटायला आलंय."

"कवापासून?"

"जत्रेच्या आधीपासून. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं कळंल? माझ्या समोर मी उभा असतो व्हय?" वस्तादांचा आवाज चिरकला. "तवा दाब ठिवला असतास तर?"

"तलवार पडली असती. सगळ्या लोकांत."

"मग पडू द्यायची. मी तुला ह्येच शिकिवलं ना?"

"हेच शिकवलंत," ताई म्हणाल्या. "नाही जमलं मला."

वस्तादांनी तलवार उलटी धरली आणि मूठ लेकीपुढे केली. करगोट्याची किल्ली सोडायला त्यांना वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. आम्हा दोघांपैकी कुणीही मदतीला पुढे झालं नाही. किल्ली निघाली, ती त्यांनी मुठीवर ठेवली.

"रोज नाही जमायचं," ताई म्हणाल्या. "नोकरी सोडणार नाही मी. शनिवार-रविवार येईन. आणि तुम्ही आधी डॉक्टरकडे चलायचं."

"लगीच 'व्हय' म्हनली असतीस तर किल्ली परत घेतली असती," वस्ताद म्हणाले. मला वाटतं, ते हसत होते.

ताईंनी मूठ धरायचा प्रयत्न केला, पण ती त्यांच्या पंजात मावेना. मग त्या शाळेच्या पायरीवर बसल्या, तलवार मांडीवर घेतली आणि दोरीचं टोक शोधून ती उलगडायला लागल्या. चाचांनी घट्ट गुंडाळली होती. एकेक वेढा सुटत गेला, तशी दोरी पायरीवरून खाली मातीत यायला लागली. वस्ताद त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सुटलेली दोरी हातावर गोळा करायला लागले.

मागे शाळेचं फाटक सताड उघडं होतं. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. कुणीतरी फाटक ढकलून आत आलं, बिजागरी करकरली. मी सवयीने वस्तादांकडे बघितलं, आता ते वळतील म्हणून. ते रस्त्याकडे पाठ करून तसेच बसले होते आणि लेकीच्या हातून येणारी दोरी धरत होते.